आजाराचा नकाशा अंगणात काढू द्या

खारपाणपट्ट्यातल्या कोणत्याही गावात सर्वेक्षणाची वही घेऊन जा, ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याचे पहिले वाक्य ठरलेले असते. "मागच्या साली बी लेहून नेलं होतं. त्याचं काय झालं ते सांगा अगोदर." माणूस चिडलेला नसतो. पाणी विचारतो, चहा विचारतो, खाट टाकतो. पण त्याने विचारलेल्या या एका प्रश्नाचे उत्तर वही घेऊन आलेल्या पोरापोरींजवळ नसते. मग तो त्यांच्या चाळीस प्रश्नांची उत्तरे देतो, आणि ती उत्तरे बहुधा अशी असतात, की वही लवकर मिटावी आणि बिचाऱ्या पोरींना उन्हाच्या आत पुढचे घर गाठता यावे.

अशा उत्तरांवर आपल्या आरोग्याचे अहवाल उभे राहतात. आज या स्तंभात एखाद्या रोगाविषयी नाही, तर रोगाविषयी माहिती गोळा करण्याच्या पद्धतीविषयी लिहायचे आहे. विषय रुक्ष वाटेल. पण भातकुली तालुक्यातल्या माणसाला तो रुक्ष वाटू नये, कारण आपल्या घागरीतल्या पाण्याशी त्याचा संबंध आहे.

पूर्णेच्या खोऱ्यातला हा सारा पट्टा खारा आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतील शेकडो गावे त्यात येतात. नदीने आणून टाकलेल्या गाळाचा जाड थर, त्यावर काळी भारी जमीन, पाण्याचा निचरा कमी आणि खाली क्षार. बोअर मारावी तर पाणी मचूळ. ते पिकाला चालत नाही, साबणाला फेस येऊ देत नाही, डाळ शिजू देत नाही. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, आणि दुसरा स्रोतच नसेल तर फार तर २००० पर्यंत चालवून घ्यावेत, असे भारतीय मानक सांगते. आपल्याकडच्या कित्येक हापशांच्या पाण्याला हे मानक ठाऊक नाही. आणि गावोगावी एकच बोलणे ऐकू येते: या पाण्याने किडन्या जातात. कोणत्याही गावात विचारा, अमरावतीला डायलिसिससाठी जाणाऱ्या माणसाचे नाव सांगितले जाते.

हे बोलणे खरे की खोटे? प्रामाणिक उत्तर असे, की त्याचा निकाल घाईने लावता येत नाही. मूत्रपिंड निकामी होण्याची सर्वांत मोठी कारणे मधुमेह आणि रक्तदाब ही आहेत. मुतखडे वारंवार होऊन मूत्रपिंड खराब होऊ शकते. अंगदुखीच्या गोळ्या महिनोन्महिने खाल्ल्या तरी होऊ शकते. आंध्र प्रदेशातील उद्दानम भागात, श्रीलंकेत आणि मध्य अमेरिकेतल्या उसाच्या मळ्यांत शेतकरी-शेतमजुरांची मूत्रपिंडे मधुमेहावाचूनच निकामी होताना दिसली. तेथे अनेक वर्षे संशोधन झाले. उष्णता, अंगातले पाणी आटणे, पिण्याचे पाणी, शेतीतली रसायने, अशा अनेक गोष्टींवर संशय आहे, पण एका कारणावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही. तेव्हा आपल्याकडेही फक्त "पाणी खारे म्हणून" असे म्हणून थांबणे बरोबर नाही आणि "पुरावा नाही म्हणून काहीच नाही" असे म्हणणे तर त्याहून वाईट. कोण काय पितो, किती पितो, कोणत्या महिन्यात, कोणत्या कामावर, कोणती गोळी खाऊन, हे अगोदर कळले पाहिजे. नेमके हेच वहीतल्या प्रश्नांनी कळत नाही.

एक उदाहरण घेऊ. वहीत प्रश्न असतो, "कुटुंबाचे पिण्याचे पाणी कोठून येते?" घरच्या कारभाऱ्याने सांगितले, "फिल्टरची कॅन." चौकोनात खूण झाली. उत्तर खोटे नाही. पण त्या घरात रोज वीस लिटरची एकच कॅन येते आणि खाणारी तोंडे सात. कॅनचे पाणी शाळेत जाणाऱ्या मुलाच्या बाटलीत जाते, पाहुण्याच्या तांब्यात जाते, सासऱ्यांच्या गोळ्यांबरोबर जाते. निंदायला गेलेली सून दिवसभर वावरातल्या बोअरचे पाणी पिते, तेही कमीच पिते. एक तर ते घशाखाली उतरत नाही, आणि दुसरे म्हणजे उघड्या शिवारात लघवीला जायला आडोसा नसतो. संध्याकाळी कंबर धरली की दुकानातली दोन रुपयांची गोळी. आता सांगा, हे कुटुंब "शुद्ध पाणी पिणारे" आहे की नाही? वहीत एक कुटुंब आहे. घरात सात माणसे आहेत आणि त्यांची पाणी पिण्याची तऱ्हा सात प्रकारची आहे. असले घर प्रत्येक गावात असेल असा माझा दावा नाही. पण असेल तर ते आपल्या वहीत सापडणार नाही, एवढे खात्रीने सांगतो.

यासाठी जगात गेल्या तीस-चाळीस वर्षांत एक निराळी वाट पडली आहे. माहिती देणाऱ्यालाच माहिती शोधू द्यायची, आणि त्यासाठी कागद-पेन्सिलीऐवजी त्याच्या हाताला सवय असलेली साधने वापरायची. रांगोळी, गाणे, सोंग, गोधडी, मातीचे चित्र, गोष्ट. ऐकून काहींना हसू येईल. "म्हणजे पथनाट्यच ना?" असे विचारतील. नाही. यातला फरक आधी नीट समजून घेतला पाहिजे.

आपल्याकडे कलापथकांची परंपरा मोठी आहे. राष्ट्र सेवा दलाची कलापथके झाली, १९९० नंतरच्या साक्षरता मोहिमेत गावोगाव कलाजत्थे फिरले, कुष्ठरोग, हिवताप, कुटुंबनियोजन, एड्स या सगळ्यांवर नाटुकली झाली. त्यांनी चांगले काम केले. पण त्या सर्वांत संदेश अगोदर ठरलेला असे. शहरात लिहिलेला, छापलेला, आणि गावात वाटलेला. गाव प्रेक्षक असे. मी ज्याविषयी बोलतो आहे त्यात संदेश ठरलेलाच नसतो. गाव स्वतः खेळ रचते, आणि तो रचताना जे बाहेर येते ती माहिती. कलापथक सांगायला येते. ही पद्धत ऐकायला येते.

ऐकले तर काय होते, याची एक गोष्ट राजस्थानची आहे. १९८० च्या दशकात तिथल्या महिला विकास कार्यक्रमात अजमेर जिल्ह्यातल्या खेड्यांतील बायांनी आपल्या शरीराविषयी एक पुस्तक तयार केले. 'शरीर की जानकारी' हे त्याचे नाव. लेखिका म्हणून ७५ ग्रामीण स्त्रिया आहेत, आणि दिल्लीच्या 'काली फॉर विमेन' या प्रकाशनाने ते छापले. बायांनी आधी स्त्रीशरीराची उघडी चित्रे काढली आणि ती गावात नेऊन दाखवली. गावातल्या लोकांनी नाक मुरडले. म्हणाले, हे काही खरे नाही, अशी बाई गावात कोण पाहतो? बायांनी यावर भांडण केले नाही आणि चित्रेही गाळली नाहीत. त्यांनी घागरा-ओढणी घातलेली बाई काढली आणि त्यावर कागदाची झडप बसवली. घागरा उचलला की आत शरीर. गावात जसे असते तसेच. ही झडप शहरातल्या कोणत्या तज्ज्ञाला सुचली असती? झाकलेले ठेवूनही बोलायचे कसे, हे त्या बायांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक होते. शास्त्राला ते तेव्हा कळले.

आपल्या विदर्भातही झाकलेल्या दुखण्याचा मोठा शोध लागला आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या वासा आणि अमिर्झा या दोन गावांत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी स्त्रियांच्या आजारांचा अभ्यास केला. तो १९८९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला. ६५० स्त्रिया तपासल्या, त्यांतल्या ९२ टक्क्यांना कोणता ना कोणता स्त्रीरोग निघाला. पूर्वी कधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. म्हणजे इतकी वर्षे आरोग्य खात्याच्या वहीत ही दुखणी नव्हतीच. का नव्हती? "अंगावरून जाते" हे शब्द बाई कोणापुढे उच्चारील, यावर सगळे अवलंबून होते. राणीताईंनी बायांचे हे बोलणे ऐकून घेतले, त्यांच्या शब्दांत ठेवले, पुढे त्यावर 'कानोसा' हे पुस्तक लिहिले. त्यांचे निष्कर्ष गावोगावी परत गेले तेही भाषणातून नव्हे, जत्रेच्या रूपाने. माझ्या मते ही परतफेड त्या अभ्यासाइतकीच महत्त्वाची आहे. ओट्यावरच्या म्हाताऱ्याला जे उत्तर मिळत नाही, ते तिथल्या बायांना मिळाले.

आणि आपण बाहेरची उदाहरणे कशाला शोधतो? आपल्याच तालुक्यात पूर्णेच्या काठी ऋणमोचन आहे. पौषातल्या यात्रेत गाडगेबाबा तेथे झाडू घेऊन राबले, तेथे घाट बांधवला. बाबांची रीत आठवा. गावात आले की दिवसभर गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन. दिवसभर झाडणाऱ्या माणसाला कोणत्या गल्लीत काय पडले आहे, कोणत्या दारापुढे सांडपाणी साचले आहे, कोणत्या वस्तीला विहिरीवर येऊ देत नाहीत, हे कोणी सांगावे लागत नसे. आणि रात्रीचे कीर्तन म्हणजे सवाल-जवाबच. बाबा विचारीत, लोक उत्तर देत, उत्तरातून पुढचा प्रश्न निघे. शाळेत न गेलेल्या माणसाने गावाची पाहणी आणि गावाशी चर्चा या दोन्ही गोष्टी एका दिवसात बसवल्या होत्या. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीकाठी बाबा गेले. इथून ते अंतर काही फार नाही. २००० सालानंतर शासनाने स्वच्छता अभियानाला त्यांचे नाव दिले, हे योग्यच झाले. पण त्यांचा झाडू आपण उचलला आणि त्यांचे प्रश्न विचारणे मात्र विसरलो.

आता प्रत्यक्ष कसे करतात ते सांगतो.

सगळ्यांत सोपा आणि माझ्या मते सगळ्यांत उपयोगी प्रकार म्हणजे जमिनीवरचा नकाशा. १९८० च्या दशकाअखेर भारतातल्या स्वयंसेवी संस्थांनी हा पुष्कळ वापरला, आणि इंग्लंडचे रॉबर्ट चेंबर्स यांनी त्याविषयी जगभर लिहिले. मोकळे अंगण घ्यायचे, सडा टाकायचा, आणि बायांच्या हाती रांगोळी द्यायची. आमच्या बायांना कागदावर गावाचा नकाशा काढा म्हटले तर त्या लाजतात, पेन खाली ठेवतात. रांगोळी दिली तर कोणी शिकवावे लागत नाही. आधी पार काढतात, मग मारुती, मग शाळा, मग रस्ते. घरांच्या जागी चिंचोके. विहिरीला निळी रांगोळी, खारी असेल तर त्यावर मिठाचा खडा. ज्या घरात मुतखडा झाला तेथे गारगोटी, ज्या घरातून कोणी डायलिसिसला जातो तेथे तांबड्या कुंकवाचे बोट. तासाभरात संपूर्ण गाव पायाशी पसरते आणि मग बोलणे सुरू होते. "अवं, त्या गल्लीत तीन गारगोट्या कश्या काय?" "त्यायची हापशी कोनती?" हा प्रश्न बाहेरच्या माणसाने विचारलेला नाही, हे लक्षात घ्या. गावाने गावाला विचारलेला आहे. त्याचे वजनच वेगळे.

यात चुका होतात, त्याही सांगितल्या पाहिजेत. पाटलाच्या अंगणात नकाशा काढला, तर दलित वस्तीतल्या बाया कडेला उभ्या राहतात आणि त्यांची घरे नकाशात चार चिंचोक्यांत उरकली जातात. पुरुषांनी काढला तर त्यात पानठेला असतो, बँक असते, पण बाया कपडे धुतात तो नाला नसतो. म्हणून एका गावाचे तीन-चार नकाशे हवेत. निरनिराळ्या वस्त्यांत, बायांचे वेगळे, पुरुषांचे वेगळे, आणि जमल्यास शाळेतल्या पोरांचाही एक. ते एकमेकांशी जुळत नाहीत. न जुळण्यातच खरी माहिती असते.

दुसरा प्रकार बारा घरांचा. जमिनीवर बारा चौकोन आखायचे, चैत्रापासून फाल्गुनापर्यंत, आणि मूठभर तुरीचे दाणे द्यायचे. उन्हाळी कोणत्या महिन्यात जास्त लागते तेथे जास्त दाणे. मजुरी कोणत्या महिन्यात, कर्ज कोणत्या, फवारणी कोणत्या, वेचणी कोणत्या, अंगदुखीची गोळी कोणत्या महिन्यात जास्त खाल्ली, असे निरनिराळ्या रंगांचे दाणे. शेवटी जे उभे राहते ते कोणत्याही अहवालातल्या आलेखापेक्षा कमी नसते, आणि ते वाचायला शाळेत जावे लागत नाही.

फवारणीचा विषय निघाला म्हणून एक आठवण. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. नंतर समित्या आल्या, चौकशी झाली. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याइतकी वाढली होती आणि फवारा तोंडावर येत होता, हे त्या काळात पुष्कळ बोलले गेले. आता असा विचार करा. एखाद्या सालदाराला तुम्ही प्रश्न विचारलात, "फवारताना सुरक्षिततेची काळजी घेता का?" तो म्हणेल, "घेतो जी." त्याच सालदाराला म्हणा, "फवारनी कशी करता ते जरा करून दाखव." तो उठेल, पाठीवर पंप असल्यासारखा वाकेल, नळी डोक्याच्या वर धरील, वाऱ्याकडे तोंड करून चालेल, मध्येच तोंडावरचा रुमाल सोडून घाम पुसेल, आणि त्याच हाताने खर्रा मळील. दोन मिनिटांत सगळे कळले. तोंड जे विसरते ते अंगाला आठवते. सोंग करून घेणे ही काही करमणूक नाही. ती तपासणी आहे.

ही सगळी गंमत झाली, यातून माणसे वाचतात का, असे कोणी डॉक्टर विचारतील, आणि विचारलेच पाहिजे. त्यांच्यासाठी एकच आकडा देतो. झारखंड आणि ओडिशाच्या आदिवासी भागात 'एकजूट' या संस्थेने २००५ पासून तीन वर्षे बायांच्या गटांच्या बैठका घेतल्या. चित्रांचे पत्ते, गोष्टी, खेळ, सोंगे यांतून बाळंतपणातल्या अडचणी बायांनीच शोधल्या आणि उपायही त्यांनीच ठरवले. ज्या भागांत हे केले आणि ज्या भागांत केले नाही त्यांची तुलना झाली. नवजात बालकांचे मृत्यू तीन वर्षांत सुमारे ३२ टक्क्यांनी कमी निघाले, आणि शेवटच्या दोन वर्षांत तर ४५ टक्क्यांनी. २०१० साली हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. कोणतेही नवे औषध दिलेले नव्हते.

शहरातही असे झाले आहे. मुंबईच्या धारावीत 'स्नेहा' या संस्थेच्या पुढाकाराने २०१५ साली आरोग्य आणि कला यांचे एक मोठे प्रदर्शन भरले. वस्तीतल्या लोकांनीच कलावंतांबरोबर बसून ते तयार केले होते. घरातली हिंसा वस्तीत कोठे कोठे घडते, याचा नकाशा बायांनी कापडावर शिवून मांडला. चीनच्या युन्नान प्रांतात १९९० च्या दशकात खेड्यातल्या बायांच्या हाती कॅमेरे देऊन त्यांना आपल्या आयुष्याचे फोटो काढायला सांगितले होते, तीही पद्धत आता जगभर चालते. आज आपल्या गावात प्रत्येक घरी मोबाईल आहे, तेव्हा आपल्याकडे ती अवघड नाही. पण फोटोचे धोके आहेत, त्याकडे पुढे येतो.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर गी पॉयटवाँ आणि हेमा राईरकर यांचे काम विसरता येणार नाही. पुण्याहून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत काय नाही? बाळंतपण, दुखणे, सासुरवास, भूक. आपल्याकडे जाती कधीच कोपऱ्यात गेली, पण भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईची गाणी अजून होतात. त्या गाण्यांना एक सोय असते. आपले दुखणे दुसऱ्या कुणाच्या नावावर घालून म्हणता येते. पोरींना म्हटले की पाण्यावर एक नवे गाणे जोडा, तर त्या जोडतील, आणि घरात कॅनचे पाणी कोणाला मिळते ते त्यात आल्यावाचून राहणार नाही.

आता धोक्यांविषयी. या पद्धतीचा पुरस्कार करणारे लोक त्यांविषयी कमी बोलतात, म्हणून थोडे सविस्तर.

पहिले असे, की रांगोळीने क्रिएटिनिन कळत नाही. नकाशावर गारगोट्या दिसल्या म्हणजे कारण सापडले असे नव्हे. नकाशा फक्त सांगतो, की रक्त, लघवी आणि पाणी तपासायला आधी कोठे जा आणि काय काय विचारा. त्यानंतर प्रयोगशाळा आलीच पाहिजे. ती येणार नसेल तर नकाशा काढूच नये. गावाची आशा जागवायची आणि निघून जायचे, यापेक्षा कंटाळवाणी वही बरी.

दुसरे, सगळेच दुखणे अंगणात मांडण्यासारखे नसते. ज्या घरात कर्त्या माणसाने जीव दिला, त्या घराच्या जागी कुंकवाचे बोट लावायचा अधिकार शेजारणीला नाही. आपल्या जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा मानसिक आरोग्याचा कार्यक्रम झाला, त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. उदासीनतेचा आजार असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी घरोघरी, शांतपणे, एकेकट्याशी बोलून ते साधले आहे. अशा विषयाचे नाटक करून चौकात टाळ्या घेणे हा गुन्हाच मी समजतो.

तिसरे, चित्र कोणाचे? गावाने काढलेला नकाशा कोणाच्या तरी प्रबंधात छापून येतो, गोधडी दूरच्या प्रदर्शनात टांगली जाते, आणि गावात एक झेरॉक्ससुद्धा उरत नाही. असे घडते. म्हणून अट अशी, की मूळ वस्तू ग्रामपंचायतीत राहील, बाहेर जाईल ती नक्कल, आणि चेहरा दिसणारा फोटो त्या माणसाच्या संमतीवाचून कोठेही जाणार नाही. रांगोळी संध्याकाळपर्यंत पुसली जाते, हा मला तिचा एक गुणच वाटतो. ज्या घरांना आपली खूण नको असेल त्यांची खूण कागदावर उतरवण्यापूर्वीच पुसता येते.

चौथी गोष्ट सरकारी कार्यालयांची. तेथे चित्राला किंमत नसते, असे म्हणतात. हे पूर्ण खरे नाही. २००७ पासून महाराष्ट्रात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, आणि पहिल्या पाच जिल्ह्यांत अमरावती होता. गावकऱ्यांनी आपल्या आरोग्यसेवेचे प्रगतिपुस्तक हिरव्या, पिवळ्या आणि लाल रंगात भरले आणि ते जनसुनवाईत अधिकाऱ्यांपुढे ठेवले. लाल रंगापुढे बसलेल्या अधिकाऱ्याला "माहिती मागवतो" म्हणून सुटता येत नाही, कारण माहिती भिंतीवर लावलेली असते. तो मार्ग आपल्या जिल्ह्याला नवा नाही.

तेव्हा भातकुली तालुक्यात काय करता येईल? माझी सूचना लहान आहे. एकदम तालुका नको. खाऱ्या पाण्याची तीन गावे आणि नळयोजनेचे पाणी बऱ्यापैकी मिळणारी दोन गावे घ्यावीत. प्रत्येक गावात आशाताई आहेत, अंगणवाडीताई आहेत, आणि ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती कागदावर तरी आहेच. तिला थोडा अबंधित निधीही मिळतो. रांगोळी, चिंचोके आणि तुरीचे दाणे यांना फार पैसे लागत नाहीत. लागतात त्या तीन संध्याकाळी, आणि गप्प बसून ऐकू शकणारी दोन-तीन माणसे. अमरावतीत वैद्यकीय, समाजकार्य आणि गृहविज्ञान शिकणारी मुले-मुली शेकड्यांनी आहेत. त्यांना दर वर्षी प्रकल्प करावाच लागतो. त्यांनी वही घरी ठेवून यावे.

पहिल्या संध्याकाळी नकाशा. दुसऱ्या संध्याकाळी बारा घरे. तिसऱ्या संध्याकाळी एक खेळ, आणि तो खेळ कॅनचा असावा. गावातलीच पाच-सात माणसे सासू, सून, सासरा, शाळेतला मुलगा आणि पाहुणा होतील. मधोमध एक कॅन. सकाळ ते रात्र असा दिवस दाखवायचा आणि पाणी वाटायचे. ब्राझीलचे ऑगुस्तो बोआल यांनी नाटकाची एक पद्धत रूढ केली, बंगालमधली 'जन संस्कृती' ही संस्था १९८५ पासून खेड्यांत ती वापरते. प्रेक्षकातल्या कोणालाही "थांबा" म्हणून उठता येते आणि पात्राच्या जागी जाऊन खेळ निराळा करून दाखवता येतो. आपल्या दंडारीत आणि गोंधळातही प्रेक्षक मध्ये बोलतोच, तेव्हा लोकांना हे परके वाटणार नाही. कोणती बाई कोणत्या क्षणी "थांबा" म्हणते, ते टिपून घ्यावे. कॅन परवडत नाही म्हणून कोणी म्हणेल. कॅनच्या पाण्याची तरी तपासणी कोण करतो, असे कोणी विचारील. वावरात जाताना सुनेला वेगळी बाटली का देत नाही, असे एखादी म्हातारीच म्हणेल, आणि मग सभा गप्प होईल. त्या गप्प होण्याचीही नोंद करावी.

त्यानंतर ज्या हापशांवर मिठाचे खडे पडले त्यांच्या पाण्याचे नमुने जिल्हा प्रयोगशाळेत जावेत, आणि ज्या गल्ल्यांत गारगोट्या जास्त पडल्या तेथे रक्तदाब, साखर आणि क्रिएटिनिनची तपासणी व्हावी. महिन्याभराने निकाल घेऊन त्याच अंगणात परत यायचे. पुन्हा सडा, पुन्हा रांगोळी, आणि या वेळी नकाशावर आकडेही लिहायचे, मोठ्या अक्षरात. पाणी कोणत्या घरचे किती खारे, तपासणीत किती जणांना दोष निघाला, ते नावाशिवाय. ग्रामसभा २६ जानेवारीला असतेच. दिवाळीनंतर वेचणीची गर्दी ओसरली की सुरुवात केली तर निकाल तोवर हाती येतात. पौषातली ऋणमोचनची यात्राही त्याच सुमारास असते. पाचही गावांचे नकाशे तेथे घाटाजवळ एका मांडवात ठेवता येतील, म्हणजे शेजारच्या गावांनाही आपले चिंचोके कोठे ठेवायचे ते दिसेल.

ज्या ग्रामपंचायतीची तयारी असेल तिने आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना समितीचा ठराव करून द्यावा. ठरावात एवढेच लिहावे, की पाण्याचे आणि रक्ताचे नमुने तपासून मिळणार असतील तर आम्ही नकाशा काढतो, आणि निकाल गावात येऊन वाचून दाखवावा.